हिरामणला दिसलेली बाटली

लोधीखेड्यात कुणाच्या अंगात आलं की लोक हिरामणला बोलवायचे. नगर पंचायतीत नळाचं पाणी सोडणारा हा माणूस शांतपणे विचारायचा, "देव आला न? मंग माह्या खिशात काय हाय, सांग म्हना त्याले." बहुतेक देव तिथेच उतरायचे. दर रविवारी विहारात वंदना तोच घ्यायचा, आणि 'एहिपस्सिको' हा शब्द आला की थांबून अर्थ बजावायचा: या, स्वतः पाहा, मगच माना.

असल्या माणसाने श्रावणात घोळ केला. शेजारी राहणाऱ्या त्याच्या विधवा भावजयीने, प्रमिला वहिनीने, सात्यांची भाजी करायचं काढलं. सात्या म्हणजे वारुळाजवळ उगवणाऱ्या रानछत्र्या. त्या लोकांनी आधीच खुडून नेल्या होत्या, म्हणून हिरामणने शेणखताच्या ढिगावरच्या छत्र्या उचलून आणल्या. छत्री ती छत्री, त्यात काय पाहायचं! दोघं जेवून तास झाला नाही तोच भिंती श्वास घ्यायला लागल्या आणि वर्षापूर्वी काविळीने गेलेली त्याची बायको करुणा समोर येऊन उभी राहिली. तिने वहिनीच्या संत्र्याच्या बागेकडे बोट दाखवलं. विहिरीलगतच्या झाडाखाली पुरलेली विषाची निळी बाटली त्याला मातीच्या आरपार दिसली.

सकाळी नशा उतरली, खात्री मात्र उतरली नाही. ती बाटली त्याला हातातल्या नळाच्या पान्याइतकी खरी वाटत होती. डॉक्टरांचे कागद घरात होते, त्यांवर कावीळ स्पष्ट लिहिलेली होती. आता ते कागदच त्याला खोटे वाटू लागले. वहिनीने करुणाला विष घातलं, हे रविवारी विहारात उठून सांगायचं, असं त्याने ठरवून टाकलं. दुसरा कुणी असं बोलला असता तर लोक हसले असते. पण हिरामण सांगतो म्हटल्यावर वस्ती डोळे मिटून मानणार होती, आणि त्यानंतर वहिनीला कुणी घोटभर पाणीही विचारलं नसतं.

शनिवारी दुपारी तो स्वतःशीच वंदना पुटपुटत होता. 'एहिपस्सिको'वर जीभ अडली. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. खोदायची सब्बल उचलून तो तडक बागेत गेला.

हातभर खोल, मग दोन हात. मुळं निघाली, दगड निघाले, बाटली नाही. त्याने बाजूला खोदलं. घाम डोळ्यांत जात होता आणि मन म्हणत होतं, वहिनीने हलवली असणार, म्हणूनच सापडत नाही. एवढ्यात मागून आवाज आला.

"काय खोदून राहिले भाऊजी?"

सब्बलीवरची त्याची मूठ घट्ट झाली. "करुणा दिसली होती मले. त्या भाजीच्या दिवशी."

"मले बी दिसली," वहिनी म्हणाली. "म्हने, जाऊबाई, भाकर जळून राहिली. मले इतकं खरं वाटलं का धावत चुलीपाशी गेली."

"मंग?"

"मंग काय? पाह्यलं. चूल थंडी होती."

हिरामण खड्ड्याकडे पाहत राहिला. करुणाचे डोळे पिवळे झाले तेव्हा हीच बाई आठ दिवस त्याच्या मागे लागली होती, नागपूरला न्या म्हणून. तो ड्युटीचं कारण सांगत राहिला. त्याने उशीर केला हे जगात एकट्या वहिनीला ठाऊक होतं. वर्षभर तिचं तोंड पाहणं त्याला नको झालं होतं, ते का, हे त्याला आज कळलं.

"विषाची बाटली शोधून राहिलो," तो म्हणाला. "तुम्ही पुरलेली. उद्या विहारात सांगनार होतो."

वहिनी मटकन बांधावर बसली. "आन आता?"

"आता काय सांगू? तुम्ही म्हनत होत्या, नागपूरले न्या. मी नेलं नाही. मीच मारलं तिले." त्याला रडू आवरेना.

"मारलं नाही. उशीर केला," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "पन तुम्ही हे माह्यावर ढकललं, भाऊजी. हे मी विसरनार नाही. बुजवा तो खड्डा, झाडाच्या मुया उघड्या पडल्या."

ती निघून गेली. हिरामण माती लोटू लागला. लोटता लोटता तो दोनदा थांबला आणि खाली वाकून त्याने खड्ड्यात पुन्हा पाहून घेतलं.