ती नागीण न्हवती

त्या दिशी घरात आमी पाच जण. म्या, माजी लेक, तिची आठ दिसाची पोरगी, जावई आन् विहीणबाई.

लेक बाळंतपणाला तामलवाडीला माज्याकडं आलेली. बाळाच्या पायावर फोड उठले, मांडीपासनं घोट्यापतूर, दोरी टाकल्यावानी सरळ. म्या म्हणलं, नागीण हाय. गेरू उगाळून लावला. लेक जल्मली तवा तिला बी असंच झालतं, आन् ते गेरूनंच गेलं असं मला वाटायचं.

विहीणबाई म्हणल्या, "आमच्यात कुणाला असलं न्हाय बया. तुमच्याच घरची खूण दिसतीया."

"व्हय, नाक तेवढं तुमचं, फोड आमचे!" म्या बी हानला टोला. पर माज्या पिंढरीवर कळाय लागल्यापासनं तसलेच दोरीवानी पांढुरके पट्टे हायती. लुगड्याखाली कुणाला दिसत न्हाईत.

गेरूनं फोड हटंनात, तवा पोरीला सोलापूरला नेलं. डाक्टरीणबाईंनी आदी गेरू पुसाय लावला. मग म्हणल्या, "आजी, घरात कुणाच्या अंगावर असे पट्टे आहेत? कुणाला दात कमी? मुलगे पोटातच गेलेत?"

माजे दोन मुलगे पोटातच गेले. दात बी लहानपणापासनं कमीच. पर विहीणबाई शेजारी हुब्या. म्या म्हणलं, "न्हाय."

मग त्यांनी जंतूंमुळं झालं असंल म्हणून जंतू मारायचं औषिद दिलं. फोड गेले, त्या जागी काळपट रेघा ऱ्हायल्या. दोन महिन्यांनी बघतीया तर पोरीचा डावा डोळा दिव्याकडं वळंना.

परत गेलो. त्या दिशी म्याच लुगडं गुडघ्यापतूर वर केलं, विहीणबाईंच्या म्होरं.

डाक्टरीणबाईंनी पाय बघितला, तोंड उघडाय लावलं. म्हणल्या, "आजी, ही नागीण नाही. हा आजार आईकडून लेकीला येतो, मुलगे यात बहुधा पोटातच जातात, आणि तो डोळ्यांतही उतरतो. फार क्वचित दिसतो. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर डोळा तेव्हाच तपासला असता." त्याचं नाव विंग्रजी हुतं, ध्यानात ऱ्हायलं न्हाय.

विहीणबाईंनी पोरगी माज्या मांडीवरनं उचलली आन् भाईर जाऊन बसल्या.

इलाज केला, उजवा डोळा वाचला. डावा गेला. आता पोरगी साळंत जाती, मान वाकडी करून फळा बघती.

वाचणाऱ्या बायांनो, तान्ह्या लेकराच्या फोडांवर गेरू लावू नगा. दवाखान्यात न्या. आन् डाक्टरनं इचारलं, तर लुगड्याखालचं खरं सांगा.