सोनेरी गरुड आणि दादाचा कोरा पत्ता

फोन वहिनींचा होता. मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत रविवारची यादी करत होते... चहापत्ती, वहिनींसाठी लोणचं, आणि शेवटी ‘गरुडाचा निकाल’. वहिनी एवढंच म्हणाल्या, “वन्सं, हे गेले. जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.” निकाल राहून गेला.

दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. रामघाटावरच्या वेदपाठशाळेत त्यानं जन्मभर शिकवलं. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि त्याचे खेळायचे पत्ते घरी राहिले. हे साधे बावन्न पत्ते नव्हेत. प्रत्येकावर एक प्राणी, त्याची ताकद आणि त्याचा नियम छापलेला. आपले चाळीस निवडून समोरच्याला हरवायचं. दादानं धूळ झटकायला डबा उघडला, नियम वाचत बसला, आणि हळूहळू मलाही समोर बसवलं. पुढे आम्ही दोघं लंका नावाच्या मोहल्ल्यातल्या पत्त्यांच्या दुकानात स्पर्धेलाही जायला लागलो.

पहिल्या स्पर्धेत तो सपाटून हरला. संकल्प सोडल्याशिवाय त्यानं कधी कुठलं कर्म केलेलं नाही. पत्ता टाकण्याआधीही तो मोठ्यानं सांगायचा, आता मी हा ठेवणार आणि यानं तुझा वाघ मारणार. समोरचा खेळाडू लगेच वाघ मागे घेऊन मोकळा! मी कानात म्हटलं, “दादा, मनात म्हण ना.” “मनातल्याला संकल्प म्हणत नाहीत,” तो म्हणाला, आणि पुढचा डावही हरला.

पत्ता पारखावा मात्र त्यानंच. सोनेरी गरुडाचं वेड सगळ्या दुकानाला होतं. तो उतरला की समोरचं मैदान साफ. मला तो विकत घेतलेल्या पत्त्यांच्या एका बंद पाकिटात मिळाला आणि मी हट्ट धरला, लखनौच्या स्पर्धेला हा हवाच. दुकानातली पोरंही माझ्या बाजूची. “गुरुजी, ये तो सबका सपना है!”

“सपना है तो सो जाओ, बेटा.”

घरी येऊन त्यानं जुनी लग्नपत्रिका कापून एक कोरा पत्ता केला आणि गरुडाच्या जागी घातला. हीच त्याची रीत. “कोरा हातात आला की बघ, इथे गरुड असता तर जिंकली असतीस का? त्याच्यावाचून अडलं, तरच तो कामाचा.” गरुड उतरायला सातवी खेळी यावी लागते आणि आमचे डाव बहुधा त्याआधीच आटपायचे. एकदाच खरं अडलं. दादा विचारात पडला. “एकावरून ठरत नाही. रविवारी आणखी एक डाव.”

दिवसकार्य झालं. लखनौला पत्त्यांची यादी पाठवायची वेळ आली, तेव्हा वहिनींनीच डबा काढला. “गरुडाचं राहिलंय ना तुमचं? मी बसते. ताटं वाढून थांबता थांबता सगळे नियम पाठ झालेत माझे.”

मी पहिला पत्ता ठेवला. वहिनी हलेनात.

“संकल्प?”

मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी तेवढ्यावर माझा बेत मोडला, आणि सहाव्या खेळीत मी हरले. कोरा हातातच होता. गरुड असता तरी तोही हातातच राहिला असता. मी त्याला यादीतून काढलं, वाईट वाटलं नाही.

लखनौला जाऊन आले, बरी खेळले. रविवारी अजून रामघाटावर जाते. कोरा पत्ता गठ्ठ्यात तसाच आहे. मी कधी घाईत गप्प पत्ता टाकला, की वहिनी हात मांडीवर ठेवून बसून राहतात. मग मी मोठ्यानं सांगते काय करणार ते... आणि बहुतेक वेळा हरते.