चपला मोजल्या होत्या

मला खालानं बाहेर काढलं. आधी एवढं लिहून ठेवते, बाकीचं मागून. बेलापूरच्या धान्याच्या गोदामात आम्ही दहा-बारा बाया झाडलोट करायचो, सांडलेलं पाखडायचो, फाटकी पोती शिवायचो. खाला आमची मुकादमीण. तिला सगळ्याच खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या, हिंदू काय नि मुसलमान काय.

मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, त्या भागाला डांगाण म्हणतात. शाळा चौथीतच सुटली. दुष्काळाच्या साली आमच्याकडं भात आलं नाही, तेव्हा आईला आणि धाकट्या दोघांना मागं ठेवून गावच्या बायांबरोबर इकडं आले. त्या महिन्याभरात परतल्या, मी राहिले. घरची तीन तोंडं माझ्यावर होती. काम जाईल ही धास्ती उठता-बसता असायची.

गोदामाची एक रीत होती. अन्नात पायताण घालून जायचं नाही, म्हणून सगळ्याजणी दाराशी चपला काढायच्या. धान्याला कीड लागली की आत औषधाच्या गोळ्या ठेवत. त्यांतून विषारी गॅस सुटतो, म्हणून दार लावून फटींना कागद चिकटवायचे आणि आठवडाभर उघडायचं नाही. दार लावण्याआधी गोदामाचा बाबू चपला बघायचा. एकही उरली नाही म्हणजे आत कुणी नाही.

मी मात्र अनवाणीच असायची. आमच्या चिखलात चपला घालून चालतंय कोण? पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, माझ्याही नाही.

त्या दुपारी अंगात ताप होता. सांगितलं तर घरी धाडतील म्हणून बोलले नाही. मागच्या भिंतीकडं झाडता झाडता पोत्यांच्या थप्पीआड जरा टेकले आणि डोळा लागला. जाग आली तर काळोख, आणि लसणासारखा उग्र वास. सांगायला लाज वाटते, पण मी ओरडले नाही. झोपलेली सापडले तर काम गेलंच, हाच विचार आधी आला. जिवाचा नंतर.

तेवढ्यात दारापलीकडून खालाचा आवाज आला.

“ती डांगाणातली कुठं हाय?”

“गेली असंल घरी,” बाबू म्हणाला. “चपला मोजल्यात मी. एकबी न्हाई राहिली.”

“आरं, तिच्या पायात चप्पल हाय कुठं मोजायला!”

“खाला, आत गोळ्या ठेवल्यात. आता उघडायचं न्हाई.”

“मग जा, तिच्या आईला तूच सांगून ये. हो बाजूला!”

कागद टराटरा फाटले. दारात उजेड पडला.

“पोरी, ओ दे!”

ती पुन्हा ओरडली.

“तुझं काम जात न्हाई, मी हाय! ओ दे आधी!”

तेव्हा कुठं मी ओ दिली. खाला आत आली नाही, दारातून बोलत राहिली. “पदर नाकाला लाव. भिंतीला हात धर, माझ्या आवाजाकडं ये. मधी बसलीस तर बघ!” मग तिनं मला शिव्या घातल्या, माझ्या तापाला घातल्या, आमच्या डोंगरालाही घातल्या. त्या शिव्यांच्या मागं मागं मी बाहेर आले.

तिनं मला मोकळ्या वाऱ्याला बसवलं. दोनदा उलटी झाली, तेव्हा टांग्यात घालून डॉक्टरकडं नेलं. आत का आली नाहीस, असं पुढं एकदा विचारलं. म्हणाली, “दोघी पडलो असतो तर तिसरी कोण आली असती? तो बाबू?”

बाबू मला कामावरून काढायलाच निघाला होता. “हिला काढलंस तर उद्या खराटा तुझ्या हातात,” खालानं सुनावलं. “आन् हितनं पुढं माणसं मोजायची, चपला न्हाई.” त्यानंतर दार लावण्याआधी ती एकेकीला नावानं हाक मारायची आणि ओ आल्याशिवाय पुढं सरकायची नाही. मी शेजारी उभी असले तरी मलाही हाक असायचीच.

पुढच्या साली पाऊस झाला आणि मी घरी परतले. खालाला मूलबाळ नाही, गुडघेही धरलेत. निघताना म्हटलं, “खाला, थकलीस की तुला माझ्याकडं नेणार.”

“तुमच्या त्या डोंगरात? मला काय शेळी समजलीस?”

ती हसली, मी नाही हसले. अजून आमचं छप्पर गळतंय, आणि तोवर तिला काही झालं तर, हा घोर मनाला आहेच. पण छप्पर शाकारून झालं की एक दिवस मी बेलापूरला जाईन आणि तिला घेऊन येईन. चढण झेपली नाही तर पाठीवर घेईन.