काचेची वाळू

तीन माणसं रोज एकाच टेबलावर डबा खाणार म्हटल्यावर किस्से साचणारच. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात सिमेंट तपासायची लॅब होती. तिथे देशकर सर, गोमाजी मिस्त्री आणि असिस्टंट म्हणून मी.

त्या पावसाळ्यात कन्हान नदीला पूर आला आणि वाळूचे ट्रक बंद झाले. सर म्हणाले, "फुटक्या बाटल्या दळू. काच वाळूचीच तर बनते." मला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी सर सोडावॉटरवाल्याकडची पोतंभर काच सायकलवर घालून हजर!

* * *

दळलेल्या काचेला हात लावायची माझी हिंमत होईना. गोमाजींनी सरळ मूठ भरली.

"भेता काहून? आता हे कापत नाही."

मूठ उघडली. ओरखडासुद्धा नव्हता.

* * *

गोमाजी उमरेडच्या विणकर घरातले. चिमूट चोळून सांगायचे, "जाडं हाय, अजून दळा." सरांनी एकदा पाच चाळण्यांची काच पाच पुड्यांत बांधून पुढे ठेवली. गोमाजींनी डोळे मिटून, बारीक ते जाड, बिनचूक ओळ लावली.

"सूत असंच पाहत होतो, सर."



* * *

काच-सिमेंटचे ठोकळे घालून यंत्रात दाबले, तर काटा वाळूच्या ठोकळ्याइतकाच चढला. आम्ही खूश. पण त्याच मालाच्या ओल्यात ठेवलेल्या पट्ट्या सहा महिन्यांनी काढल्या, तर सगळ्यांवर भेगांची जाळी.

"ओलाव्यात काचेचं आणि सिमेंटचं जमत नाही. बंद करू," सर म्हणाले. त्या दिवशी कोणी डबा उघडला नाही.

* * *

तेव्हा गोमाजी खाली मान घालून म्हणाले, "सर, ठोकळे घातले त्याच दिवशी उरलेला कोरडा माल मी घरी नेला होता. न्हाणीले लावला."

"न्हाणीला? मग ती केव्हाच तडकली असेल."

"नाही जी."

आम्ही तिघे तडक त्यांच्या घरी गेलो. सर भिंग घेऊन न्हाणीत गुडघ्यांवर बसले. कोपरान् कोपरा पाहिला. केसाएवढीही भेग नव्हती.

"गोमाजी, यात काय टाकलं?"

गोमाजींनी बायकोकडे पाहिलं. सगुणाबाई बादली घेऊन दारात उभ्या होत्या.

"माल मी कालवला, साहेब. काच पोराइच्या पायाले लागन असं वाटे, म्हणून इटा कुटून भुकटी टाकली. यायले सांगतलं नाही."

सर तसेच ओल्या जमिनीवर बसले. खिशातून वही काढली.

"वहिनी, तुमच्या विटेच्या भुकटीनंच काचेचं आणि सिमेंटचं जमवलं. पहिल्यापासून सांगा. मी लिहून घेतो."