व्याह्यांच्या तीन बाटल्या, माझं एक नाक

माझं नाक मेलंय ही बातमी अख्ख्या पुण्यात दोघांनाच माहीत होती. एक मी आणि दुसरी माझी बायको. डॉक्टरांना धरून तीन म्हणता आलं असतं, पण ते म्हणाले, "वास परत येईलही, कदाचित येणारही नाही." म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतंच.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? कारकुनाचं नाक गेलं तर फायली अडत नाहीत. पण बिबवेवाडीत आमचा मसाल्याचा गाळा आहे, आणि त्या गाळ्याची सगळ्यात महागाची मशीन माझ्या दोन डोळ्यांच्या मधोमध बसवलेली होती. मार्केट यार्डातून धने भरलेला ट्रक निघाला की मी गाळ्यात बसून सांगायचो, खालून तिसऱ्या थरातलं एक पोतं भिजलंय. ट्रक तेव्हा सिग्नललाच उभा असायचा. एका व्यापाऱ्याची मिरी जुनी आहे हे तर मी फोनवर बोलता बोलता ओळखलं होतं. हसू नका. त्याने मुकाट मिरी बदलून दिली होती, आता बोला.

तर असं हे नाक एका साध्या तापात गेलं. तिसऱ्या दिवशी उठून गाळ्यात गेलो. मिरच्या भाजणं चालू होतं, माणसं ठसकत बाहेर पळत होती, माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि वास? शून्य. मला वाटलं मिरच्याच बनावट आहेत.

त्यानंतर आठ महिने आमचा मसाला बायकोच्या नाकावर चालला. मी कढईपाशी उभा राहून पूर्वीसारखाच रुबाबात डोळे मिटायचो. ती शेजारी. भाजणी जमली की ती पदर खांद्यावर सारखा करायची, काही लागलं की खोकायची. मग मी डोळे उघडून गरजायचो, "उतरवा! खोबरं लागलंय!" कामगार थक्क. रोज सकाळी लवंग, लिंबू, धने आणि निलगिरीच्या चार बरण्यांत नाक खुपसून मी त्याला व्यायाम देत होतो. नाक ढिम्म. हे बाहेर फुटलं असतं तर यार्डातल्या व्यापाऱ्यांनी दुसऱ्याच दिवसापासून भिजकी पोती बिनधास्त आमच्या दारात उतरवली असती.

आणि अशातच व्याह्यांचा फोन आला.

आमची मुलगी हडपसरला दिलीय. व्याही तिथले जुने शेतकरी. शेताच्या चारही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, तरी मधल्या तुकड्यात अजून हट्टाने मेथी लावतात. माणूस लाखमोलाचा, पण आवाज असा की त्यांनी हडपसरहून हाक मारली तर फोनचा खर्च वाचेल.

"पाव्हणं, माझी साठी हाय. पोराच्या हापिसातली मंडळी येनार. ती समदी जिन पित्यात म्हनं. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. तुमच्या नाकावर सोडलं बगा. रविवारी दुपारी तीन बाटल्या घिऊन येतो, त्यातली एक निवडून द्यायची."

दोष माझाच होता. मुलीच्या लग्नाची बोलणी झाली त्या संध्याकाळी मी त्यांना जिनवर दीड तास व्याख्यान दिलं होतं. तेव्हा नाक जिवंत होतं, आणि जिन हा माझा एकमेव शौक. रविवारी जेवणाआधी एक ग्लास, दुसरा नाही. माझं म्हणणं असं की जिन ही दारू नव्हेच, तो पातळ केलेला मसाला आहे. त्यात ज्युनिपर नावाच्या झुडपाची काळी-निळी फळं असतात, धने असतात, लिंबाची साल, ज्येष्ठमध, कुठली कुठली मुळं. म्हणजे आमच्याच गाळ्याची लांबची नातलग. अस्सल ड्राय जिन ओळखायची खूण सांगू? आधी ज्युनिपर दार उघडतो. राळेसारखा, थेट नाकात. मग धने आत बोलावतात, लिंबाची साल पाणी देते, आणि गोडवा औषधालाही सापडत नाही. ज्या जिनमध्ये पहिल्यांदा संत्रं आणि फुलंच भेटतात, ती जिन नव्हे, लग्नातलं गुलाबपाणी.

हे सगळं मी त्यांना सांगितलं होतं. आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

"सरळ सांगून टाका ना त्यांना," बायको म्हणाली. "आपलेच आहेत."

"आपले आहेत, पण आवाज कुणाचा आहे? ते मुलीच्या कानात सांगायला गेले तरी मगरपट्ट्यापर्यंत ऐकू जाईल."

"मग मी खोकू का?"

"तुला जिन कळते?"

तिने माझ्या कपाटातल्या बाटलीचं बूच काढून हुंगलं. "इंजेक्शनच्या आधी कापूस लावतात, तसला वास आहे."

म्हणजे मदत संपली. रविवार उजाडला.

व्याही आले ते मेथीच्या चार जुड्या आणि तीन बाटल्या घेऊन. बाटल्या साध्या काचेच्या, लेबल नाही, गळ्याला दोरे बांधलेले. लाल, पिवळा, पांढरा. "लेबल बगून कुनी बी सांगंल," ते म्हणाले आणि मिशीत हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मी मात्र थाट सोडला नाही. तोंडाशी निमुळते होणारे तीन छोटे ग्लास काढले. प्रत्येकात दोन बोटं जिन आणि तेवढंच साधं पाणी, माठातलंही नाही. गार पाण्याने वास झोपतो, साधं घातलं की उलगडतो. ग्लास फार घुसळायचा नाही, नाहीतर नुसता अल्कोहोल उसळून वर येतो. तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळूच हुंगायचं. हे सगळं मी असं करून दाखवलं की देवघरातल्या देवांनीही मान वळवून पाहिलं असेल.

लाल हुंगली. काही नाही. पिवळी. काही नाही. पांढरी. नळाचं पाणी बरं.

मग मी डोळे मिटले आणि सुटलो. लाल जिन म्हणजे डोंगर, म्हणालो. उन्हात तापलेला कातळ, त्यावर ज्युनिपरचं झुडूप, बाजूला एक बकरी. पिवळी जरा लाजरी आहे, पण मनाने चांगली. आणि पांढरी? अहो, पांढरीत समुद्र आहे! खारा वारा, ओली वाळू, लांब कुठेतरी नारळ पडल्याचा आवाज. लाल आणि पांढरीत जमीन-अस्मानाचा फरक, एकाच रांगेत बसवणं हा गुन्हा.

व्याही गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. "समुद्र," ते हळूच म्हणाले. आयुष्यात ते काही हळू बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. "बरं. मंग कुठली घ्यायची?"

"पांढरी," मी ठोकून दिलं. "पण प्यायला कशी लागते तेही बघा ना!" विषय नाकावरून हलवायची मला घाई झाली होती. बायकोने बर्फाचे दोन ट्रे आणले. मी उंच ग्लास काठोकाठ बर्फाने भरले, पांढऱ्या दोऱ्याची जिन ओतली, वर टॉनिक वॉटर, म्हणजे कडसर सोडा, कडेकडेने सोडला म्हणजे बुडबुडे मरत नाहीत, लिंबाच्या सालीला पीळ देऊन ती आत टाकली. देखणे ग्लास झाले होते. व्याह्यांनी एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला, मान डोलावली. "मसालेदार हाय."

मी सवयीने ग्लास नाकाशी नेला.

आणि कुणीतरी माझ्या टाळूत दिवा लावला!

वास. अगदी बारीक, दाराच्या फटीतून यावा तसा, पण वास! मी ग्लास लांब केला, गेला. जवळ आणला, आला. ज्युनिपर नव्हता, लिंबू नव्हतं. ओळखीचा होता, लहानपणापासूनचा, आमच्या कपड्यांना, केसांना चिकटलेला.

"हिंग!" मी ओरडलो. "बर्फाला हिंगाचा वास येतोय!"

व्याही दचकून ग्लासात पाहू लागले. बायको उभी राहिली.

"हिंग आहे! अगं, घाण वास येतोय! भयंकर घाण! वाट लागलीय जिनची!" आणि मी हसत होतो, की रडत होतो, कोण जाणे. स्वयंपाकघरात धावलो, फ्रीझर उघडला आणि डोकं आत घातलं. बर्फाच्या ट्रेशेजारी हिरा हिंगाच्या नमुन्याची उघडी पुडी पडली होती. उन्हाळ्यात तो मऊ पडू नये म्हणून गुरुवारी मीच तिथे ठेवली होती. नाक असलेला कुठलाही मसालेवाला असं करणार नाही.

"मी परवाच म्हटलं होतं, फ्रिजला वास येतोय," बायको मागून म्हणाली. "तुम्ही म्हणालात, 'मला तर नाही येत.'" एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. या खुणेचा आमच्या यादीत अर्थ नव्हता.

मग काय लपवायचं होतं? व्याह्यांना सगळं सांगितलं. ताप, आठ महिने, खोकला, पदर. तिन्ही छोटे ग्लास त्यांनी माझ्यापुढे सरकवले. "आता हुंगा."

मी हुंगलं. मिनिटभर काहीच नाही. मग लालमधून धने आले, कुणीतरी दुसऱ्या खोलीत हाताने चुरडावेत तसे, आणि त्यांच्यामागे ज्युनिपर, तो राळेचा थेट वास. पिवळीत संत्रं पुढे, फुलं पुढे, गुलाबपाणी. पांढरीकडे वळलो. धने. राळ. पुन्हा लाल. पुन्हा पांढरी. माझे कान गरम झाले.

"व्याही," मी म्हणालो, "लाल आणि पांढरी एकच आहे."

त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की खालच्या मजल्यावरचे बेल वाजवायला येतील असं वाटलं. "एकाच बाटलीतली वतली हुती! म्हनलं, बगू तरी नाक हाय का नुसती जीभ! आन् तुमी माझ्या फुडं समुद्र काढला! नारळ पाडला!"

"मग मधेच का नाही बोललात?"

"बकरी लई आवडली मला."

साठीला तीच ड्राय जिन गेली, बर्फ बाहेरून मागवला. हिंगाचा ग्लास मात्र व्याह्यांनी त्या दिवशी तळापर्यंत संपवला. "टाकायची कशाला? मला वाटलं जिन अशीच असती."

सोमवारी सकाळी मी गाळ्यात कढईपाशी डोळे मिटून उभा राहिलो. बायको शेजारी. धने झाले, तीळ झाले, खोबरं पडलं. तिचा हात पदराकडे जायच्या आत, ती खोकायच्याही आत, मला तो गोडसर, करपट, सुंदर वास आला.

"उतरवा," मी हळूच म्हणालो. "खोबरं लागलंय."

तिने कढईत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

"माझ्या खोकल्याशिवाय हे सांगायला आठ महिने लागले," ती म्हणाली.