सात टिंबांची राजकन्या

धानोऱ्यात बुधरीला सगळे ओळखतात ते काट्यावरची बाई म्हणून. वनोपज खरेदी केंद्रावर मोहफूल, हिरडा, चारोळी घेऊन कोणीही येवो, पोतं काट्यावर चढलं की आकडा स्थिर होईपर्यंत त्याला बोट लावायचं नाही, हा तिचा कायदा. सख्ख्या दिराचा माल ओला निघाला तर तोही तिने परत पाठवला होता. हेकट बाई आहे, असं लोक म्हणतात आणि माल घेऊन तिच्याकडेच येतात. पण या बाईच्या पलंगाखाली टीव्हीवर खेळायचा एक जुना गेम आहे आणि त्यातल्या एका राजाशी तिचं चोवीस वर्षं भांडण चालू आहे, हे घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

गेम आणला तो तिच्या थोरल्या भावाने, बिरजूने. तेव्हा तो नागपूरला बांधकामावर जायचा. जुन्या सामानाच्या बाजारात त्याला ते लाल-पांढरं यंत्र मिळालं, सोबत दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. मारामारीचा गेम आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. लावून पाहतात तर मारामारी बेताची आणि बोलणंच फार, तेही जपानी अक्षरांत! एक पोरगा ढाल घेऊन गावोगाव फिरतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. रानात राक्षस आडवे आले की आधी याचा वार, मग त्यांचा, अगदी पाळीपाळीने. अशा जपानी रोल-प्लेइंग गेमांसाठी जगभर माणसं वेडी असतात, हे त्या दोघांना कुठून कळणार?

बिरजू आठ दिवसांत कंटाळला. सतरा वर्षांची बुधरी मात्र चिकटली. अक्षर ओळखीचं नाही म्हणून तिने वही केली आणि चिन्हं चित्रासारखी उतरवून घेतली. हे औषध, हे पळ काढणं, हे ‘हो’, हे ‘नाही’. अशी धडपडत ती समुद्रापर्यंत पोचली. पलीकडे जायला नाव हवी आणि नाव होती राजाकडे. राजा आपल्या पोरीला पुढे आणून उभी करतो, वरून फुलं पडतात, वाजंत्री वाजते आणि तो विचारतो, हो की नाही? लग्नाचं विचारतोय एवढं समजायला काही जपानी यावं लागत नाही.

आणि इथेच घोडं अडलं. पोराच्या ढालीवर सात पांढरी टिंबं होती. राजाच्या झेंड्यावर, सिंहासनावर, शिपायांच्या छातीवर चार. पण राजकन्येच्या ओढणीवर? सात! बुधरीच्या गोंड समाजात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न हाच असतो, की तुम्ही किती देवांचे? कोणी चार देवांचे, कोणी सहा, कोणी सात. सारख्या देवांचे ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही म्हणजे नाही. आणि लेकराचे देव बापाचे. मग बाप चारचा आणि पोरगी सातची कशी? बुधरीने हिशेब मांडला, की ही राजाची पोरगी नव्हेच, ही आपल्या पोराची बहीण आहे. तिने ‘नाही’ दाबलं.

राजा काहीतरी बोलला. बुधरी पोराला घेऊन तडक महालाबाहेर पडली. सोयरीक नाकारली की त्या घरात थांबू नये आणि पोरीच्या समोर तर मुळीच जाऊ नये, हे आईने शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी परत गेली, तर राजाचं पुन्हा तेच.

“‘हो’ दाब ना!” बिरजू वैतागला. “खेळच तं आहे.”

“बहिणीसंग लगीन लावू का त्याचं?”

“अवं, ते टिंबं आहेत नुसते. जपानवाल्याईले काय माहीत आपले देव?”

हे तिला लागलं, पण ‘नाही’ ते नाहीच. पुढे लग्न झालं, दोन लेकरं झाली, काटा हातात आला. दोन-चार महिन्यांनी ती यंत्र काढायची, धूळ झटकायची, रानात चार राक्षस मारून राजासमोर उभी राहायची, ‘नाही’ दाबायची आणि उठायची. बिरजू सणाला आला की हटकून विचारायचा, झालं का त्याचं लगीन? सगळे हसायचे. तीही हसायची, पण समुद्राच्या पलीकडे काय आहे ते आपल्याला या जन्मी दिसत नाही, ही खंत तिला होतीच.

मागच्या वर्षी मोबाइलवर शोधता शोधता तिला चंद्रपूरच्या जुन्या गेमवाल्यांचा ग्रुप सापडला. तो चालवायचा रोशन, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक. तिथे मोठमोठी माणसं कोणत्या यंत्राचं संगीत सरस यावरून हमरीतुमरीवर यायची. बुधरी गुपचूप वाचायची. एक दिवस रोशनने लिहिलं, की जुन्या कॅसेटमध्ये बटणाएवढा सेल असतो, तुम्ही कुठवर आलात ते त्याच्या जिवावर टिकतं. पंचवीसेक वर्षांत सेल संपतो आणि सगळं पुसलं जातं. बुधरीने मनात वर्षं मोजली. तिने कॅसेटचा फोटो टाकला.

“बाई, हा तं मी खेळलो आहे!” रोशनचं उत्तर आलं. “समुद्रापल्याडच्या राक्षसानं लई बेजार केलं. पन्नास डाव हरलो, मंग सोडूनच देला.”

म्हणजे हा पलीकडे जाऊन आला होता! अर्थात ‘हो’ दाबून. बुधरीला त्याचा हेवा वाटला आणि रागही आला.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती यंत्र जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने चंद्रपूरला गेली. रोशनच्या घरी ग्रुपची बैठक भरली होती, कूलर घरघरत होता. चर्चा रंगात आली होती. पाळीपाळीची लढाई खरी, नव्या गेमांत नुसती घाई, असं वीजकेंद्रातून निवृत्त झालेले वामनराव तावातावाने सांगत होते. त्यांच्या शेजारी दीपाली बसली होती. तीही ग्रुपवरचीच, एका कंपनीसाठी घरूनच जपानी कागदपत्रांचं भाषांतर करायची. राजाचं बोलणं तिच्याकडून वाचून घ्यायलाच तर बुधरी आली होती.

कॅसेट लागली. पहिल्यांदा पडदा नुसता करडा. बुधरी पुढे सरकली. रोशनने कॅसेट काढून पुन्हा बसवली आणि पोरगा ढाल घेऊन महालासमोर उभा दिसला. सेलात अजून जीव होता, पण किती, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

राजाने विचारलं. दीपालीने वाचलं, “माझ्या मुलीशी लग्न कर आणि नाव घेऊन जा.”

“‘हो’ दाबा, बाई,” रोशन म्हणाला. “सेल जाईन अन् बसाल पाहत.”

“दुसरा रस्ताच नाई गेममंधी,” वामनरावांनी दुजोरा दिला.

बुधरीने टिंबांचं सांगितलं. कोणी हसलं नाही, पण रोशनने वामनरावांकडे पाहिलेलं तिला दिसलं. तरी अंगठा ‘नाही’वरच गेला. राजा बोलला आणि ती सवयीने पोराला दाराकडे वळवू लागली.

“थांबा बाई!” दीपाली ओरडली. “कुठी चालल्या? तो म्हणते, नाही म्हणतोस? मग हे तिच्या तोंडावर सांग.”

“पयलेही हेच म्हणत होता काय?”

“तेच असन. तुम्ही गेल्या नाई काय तिच्याजवळ?”

कशी जाणार? चोवीस वर्षं ती चांगल्या वळणाच्या माणसासारखी मान खाली घालून बाहेर पडत होती. आताही तिला नको वाटत होतं. तिने पोराला हळूहळू वळवलं, राजकन्येसमोर उभं केलं आणि बटण दाबलं. दीपाली वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बदलला.

“नाही म्हणालास तेव्हाच ओळखलं. राजाला मी नदीकाठी सापडले. माझ्या टोपलीशेजारी दुसरी एक टोपली होती.” दीपालीने पुढची ओळ वाचली. “दादा, मला सोबत घेऊन चल.”

वाजंत्री थांबली. पोराच्या मागे सात टिंबांची ओढणी चालू लागली, आणि किनाऱ्यावर नाव आली.

बुधरीला रडू फुटलं. लपवायला पदर वर घेतला, पण हुंदके काही लपले नाहीत. दीपालीने तिचा हात धरला. “तुमचंच बरोबर होतं, बाई.”

रोशन मात्र पडद्याकडे टक लावून बसला होता. तो म्हणाला, “मी तं लगीन लावून तिले महालातच ठेवून गेलो होतो. पल्याड एकटाच लढत होतो मी.”

“म्हणून हरला तू, भाऊ,” बुधरी डोळे पुसत म्हणाली आणि तिने नाव पाण्यात लोटली.