अंगझडतीत काढून घेतलेली डबी

ती घटना विसरलो असं म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. दिवेलागणीला घरात एखादं ताट जरी पडलं, तरी मला ते ठाणं आठवतं आणि माझीच मला चीड येते. मुदत बाकी असताना मी नोकरी सोडली. लोक कारण विचारतात, मी तब्येतीचं सांगतो. आज लिहितोय ते बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मुरुमच्या अंगाला, बाजाराचं एक गाव आहे. नाव सांगणार नाही. निम्मं गाव घरात कानडी बोलतं आणि दुकानात मराठी. तिथल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. बांधावरची भांडणं, मोटारसायकल चोऱ्या, आठवडी बाजाराचा बंदोबस्त, असं आमचं रोजचं काम.

एके सकाळी शेती औषधांचा एक दुकानदार ठाण्यात आला. शांतता समितीचा सदस्य, आमच्याकडं चहाला बसणारा माणूस. खबर दिली ती अशी :

"साहेब, आमच्या शेजारचा भुसारवाला बायकोला जनावरासारखा मारतो. दंडावर चावे, तोंडावर वरबाडे. पोरगी हाय बारा-तेरा वर्षांची, तिला कोंडून घालतो. रोज सांजच्याला नुसती किंचाळी. बाईचा मुडदा पडल्यावर येणार का तुमी?"

शेवटच्या वाक्यानं मी उठलो. महिला हवालदाराला घेऊन त्या घरी गेलो. बाईनं दार निम्मंच उघडलं आणि मधे उभी राहिली. उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाऊज. हवालदारानं बाही वर सारली. दंडावर दातांचे अर्धगोल होते, काही हिरवे पडलेले, काही ताजे. कानामागचे केस उपटलेले.

"काय झालं हे?"

"पडले."

"पडल्यावर दात उमटत्यात व्हय अक्का?" हवालदार म्हणाली.

बाईनं बाही खाली ओढली. आतून कुणीतरी एकाच सुरात गुणगुणत होतं. मी आत डोकावायला गेलो, तर ती आडवी झाली. "आत नका येऊ साहेब. तुमच्या पाया पडते." मारकुट्या नवऱ्याच्या दहशतीखालची बाई अशीच वागते, हे मी शंभरदा पाहिलेलं. आणखी काही पाहायची गरज मला वाटली नाही. नवऱ्याला दुकानातून उचललं.

चौकशीची आमची एक रीत असते. माणसाला बसू द्यायचं नाही, टेबलावर काठी आपटायची आणि डोळ्यांत बघायचं. माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं : खोटं बोलणारा नजर देत नाही. त्या शिकवणीवर मी नोकरी काढली.

"म्या न्हाय मारत साहेब."

"मग कोण मारतं? शेजारी येऊन चावतात?"

त्यानं खाली पाहिलं. मला तेवढं पुरलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. टोपी पडली. त्यानं ती उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली. मग थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "व्हय. म्याच मारतो."

"पोरीलाही?"

"न्हाय! तिला न्हाय." तेवढंच जोरात. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "साहेब, म्या कबूल केलं तर आता घराकडं कुणी जाणार न्हाय नव्हं? पोरीला काय विचारणार न्हाय नव्हं?"

"काय गरज?"

हे ऐकून त्याचे खांदे सैल पडले. कबुली दिल्यावर सुटका झाल्यासारखा दिसणारा माणूस समोर उभा असताना कुठल्याही पोलिसानं थांबायला हवं होतं. मी चहा मागवला.

कोठडीत टाकण्याआधी अंगझडती होते. पट्टा, मोबाईल, गळ्यातला दोरा, सगळं काढून घेतात. त्याच्या दोऱ्यात चांदीची डबी होती. त्यात लिंगायत माणसाचं इष्टलिंग असतं. हवालदार हळूच म्हणाली, "साहेब, लिंग हाय त्ये. काढत नसत्यात. पूजा झाल्याबिगर ती मान्सं पाण्यालासुदिक शिवत न्हायती."

"कोठडीत दोरा जात नाही. गळफास लावून घेतला तर कुणाची नोकरी जाईल?"

"दोरा ठिवा साहेब," तो म्हणाला. "डबी तेवढी द्या. सांजच्याला लागती."

नियम माझ्या बाजूनं होता. डबी कपाटात गेली. त्यानं दिवसभर अन्नाला हात लावला नाही, पाणीही घेतलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "करू दे नाटक."

संध्याकाळी फाटकाशी गलका झाला. ती बाई मुलीला घेऊन आली होती. घेऊन म्हणजे, मुलगी ओढत होती आणि बाई तिला कवेत धरून फरपटत होती. मागं गल्लीतली चार माणसं, त्यांच्यापुढं आमचा खबरी, तो औषधवाला, मोबाईल वर धरून. मुलीनं स्वतःच्या मनगटाला चावून रक्त काढलेलं. ती "अप्पा, अप्पा" करत होती, पण कुणाकडंच बघत नव्हती.

ठाण्यातले दिवे नुकतेच लागलेले. एक ट्यूब फडफडत होती, वायरलेस खरखरत होती, बाहेर दोन दारुडे भांडत होते. मुलीनं कानांवर हात घेतले आणि जमिनीवर पडून डोकं आपटायला लागली. मी काय करावं? मी ओरडलो, "पोरीला आवरा!" आणि सवयीनं टेबलावर काठी आपटली.

तो आवाज होताच मुलगी आईच्या दंडाला चावली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. दात रुतताना पाहिले. बाईनं हात सोडवून घेतला नाही. दुसरा तळहात मात्र तिनं मुलीच्या डोक्याखाली सरकवला, फरशी लागू नये म्हणून. दातांचा अर्धगोल उमटला. सकाळी पाहिलेल्या खुणांच्या शेजारी, अगदी तसाच.

तेवढ्यात कोठडीतून आवाज आला. दिवसभर "साहेब, साहेब" करणारा माणूस आता मला हुकूम देत होता.

"लाईट बंद करा. तो वायरलेस बंद करा. कुणी बोलू नका. हात लावू नका तिला. आनि माझी डबी द्या."

मी जन्मात कुणा आरोपीचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मुकाट्यानं दिवे बंद केले आणि कपाट उघडून डबी त्याच्या हातात दिली.

त्यानं लोट्यातल्या पाण्यानं हात-तोंड धुतलं आणि गजांपाशी मांडी घातली. डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, पाणी घातलं, डबीतलीच विभूती लावली. मुलीकडं त्यानं पाहिलं नाही. फक्त म्हणाला, "बा. कुंड्रु." ये, बस. कानडीत एवढंच.

मुलगी थोडा वेळ तशीच पडून होती. मग सरकत सरकत गजांपर्यंत आली आणि त्याच्या समोर मांडी घालून बसली. त्यानं रिकामी डबी गजातून तिच्या हातात दिली. ती डबीचं झाकण उघडत, मिटत, पुढं-मागं झुलत राहिली. श्वास खाली बसला. रोज दिवेलागणीला घरात हेच होत असणार. तिच्या दिवसाला असलेला तो एक खुंटा मी सकाळी उपटून कपाटात टाकला होता.

पूजा झाल्यावर तो लोट्यातलं पाणी प्यायला.

पुढची चौकशी व्हरांड्यात झाली. आता बाई बोलली. आणि बोलली ती थांबेना.

"ऑटिझम म्हनत्यात साहेब याला. सोलापूरच्या डाक्टरनं सांगितलं तवा कळलं. त्याच्या आधी काय काय न्हाय केलं! अंगारे झाले, धुपारे झाले. शाळेतनं काडून टाकली. पाव्हणे म्हनले, लाड करता, दोन ठिवून द्या. दिल्या की! म्या मारलंय तिला, माझ्या ह्या हातानं. मारलं की दुप्पट. मग आमीच शिकलो. ती मारत न्हाय साहेब, तिला सोसत न्हाय. आवाज सोसत न्हाय, ठरल्यापरमानं झालं न्हाय तर सोसत न्हाय. भाईर जायाचं तर आधी चप्पल हातात दिऊन दावायची. बिघडाय लागली की मांडीवर ज्वारीची पिशवी ठिवायची, वजनानं जरा निवती. आनि आपण ओरडायचं न्हाय. लई अवघड हाय त्ये. मला रोज न्हाय जमत."

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"सांगून? तुमी पोरीला न्हेऊन कुठंतरी टाकली असती. गल्लीत सगळे म्हनतच होते, पोलीस आले की येड्याच्या दवाखान्यात घालत्यात. आमचं दोघांचं ठरलं होतं, कुणी लईच खोदून विचारलं तर ह्यांनी अंगावर घ्यायचं."

तर माणूस खोटं बोलला होता तो माझ्या डोळ्यांत बघून. नजर खाली घातली होती ती खरं सांगता येत नव्हतं म्हणून. आणि ज्या मुलीनं सगळं खरं दाखवलं, तिनं कुणाकडं एकदाही पाहिलं नाही. माझ्या साहेबांची शिकवण अशी एका संध्याकाळी मोडली.

खबरी फाटकाशीच होता. "बगितलंत? असली पोर गल्लीत ठिवायची का साहेब?"

"तुम्हाला माहीत होतं? चावते कोण ते?"

"गल्लीला ठाऊक हाय की." तो हसला. "पोरं जाता-येता दारापुढं ताट बडवत्यात, मग बघा तमाशा. आता पोरीची तक्रार केली असती तर तुमी घेतली असती का? बापाची म्हनल्यावर लगेच गाडी काडलीत."

हे वाक्य अजून माझ्या हाडात आहे. त्या माणसानं आमचं ठाणं बरोबर ओळखलं होतं. काय सांगितल्यावर आम्ही उठतो, काय पाहिल्यावर थांबतो, सगळं त्याला पाठ. एका मुलीचं दुखणं तो गंमत म्हणून बघत होता, आणि त्याच मुलीच्या बापाला त्यानं आमच्याच हातून झोडपवलं. आणि अशा माणसाला आम्ही शांतता समितीवर बसवलं होतं!

त्याच्यावर खोटी माहिती दिल्याची कारवाई करता आली असती. कायदा होता, साक्षीदार अख्खं ठाणं होतं. आता खरं सांगतो. मी ती केली नाही. कारवाई केली असती तर वरून विचारणा झाली असती : कबुली कशी मिळवली? कानाखाली कुणी मारलं? इष्टलिंग कुणाच्या हुकुमानं काढलं? म्हणून मी स्टेशन डायरीत नोंद केली : पती-पत्नीतील किरकोळ वाद, पतीस समज देऊन सोडले.

कसली समज? कुणी कुणाला द्यायची होती?

ती एक ओळ मला वाचवायला पुरली आणि त्यांना बुडवायलाही. "पोलिसांनी समज दिलीय त्याला," हे खबऱ्यानं बाजारभर केलं. बायकोला मारणारा म्हणून गिऱ्हाईक तुटलं. गल्लीतलं ताट बडवणं वाढलं, कारण आता त्यांना ठाण्याचा शिक्का मिळाला होता. वर्ष व्हायच्या आत त्या कुटुंबानं दुकान मोडलं आणि गाव सोडलं. मी तेव्हा तिथंच प्रभारी होतो. त्यांचा टेम्पो ठाण्यावरून गेला. बाई मधे बसलेली, मुलीच्या मांडीवर ज्वारीची पिशवी. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर आलो नाही.

लोक म्हणतात, अशा मुलांच्या आई-बापांनी मुलांना वळण लावावं. अहो, ते दोघं रोज लावत होते. अंगावर दात सोसून, आवाज न चढवता, चुकलं तरी पुन्हा उभं राहून. वळण लागायचं होतं ते गल्लीला, शाळेला आणि माझ्यासारख्या काठी आपटणाऱ्याला. आमच्या प्रशिक्षणात जमाव कसा पांगवायचा ते शिकवलं, प्रेताचा पंचनामा शिकवला. समोरचं मूल घाबरून कोसळत असेल तर आधी दिवा मालवावा, गर्दी हटवावी आणि आई-बापाला विचारावं, एवढं कुणी शिकवलं नाही. पण शिकवलं नाही, ही सबब माझ्या त्या नोंदीला लागू होत नाही. ती नोंद मी सगळं कळल्यावर केली.

नोकरी सोडल्यावर त्यांचा पत्ता काढला. अणदूरच्या पुढं एका खेड्यात लहानसं किराणा दुकान टाकलंय. मी उतरत्या उन्हात गेलो. त्यानं ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलगी आता मोठी दिसत होती. आतल्या उंबऱ्याशी बसून ती मुगातले खडे निवडत होती, एकेक, एका ओळीत. बाईच्या ब्लाऊजची बाही आखूड होती. दंडावर जुने डाग होते, ताजा दिसला नाही.

मी माफी मागायला सुरुवात केली. पाठ करून गेलो होतो. त्यानं दोन वाक्यं ऐकून घेतली आणि दाराबाहेर उन्हाकडं पाहिलं.

"साहेब, मापीचं बगू. पर आता तुमी निघा. दिवेलागण व्हायला आली, त्या वक्ताला नवं मानूस घरात असलं की तिला सोसत न्हाय."

मी उठलो. पायरीवर तो मागून म्हणाला, "तवा तुमी लिवलं त्ये खोटं लिवलं. आता खरं लिवा. आमचं नाव नको."

नाव लिहिलेलं नाही. बाकी सगळं लिहिलं.